चार पेल्यांचा कौल

बियाणं आणायला मी काळा गॉगल लावून गेले. सकाळपासून बर्फ पडत होता, सूर्याचा पत्ता नव्हता, तरी गॉगल. वर कपाळापर्यंत ओढलेला स्कार्फ. गाडीही मुद्दाम लांब, दातांच्या डॉक्टरच्या दारात उभी केली. कॅनडातल्या आमच्या त्या लहानशा गावात गांजाचं परवाना असलेलं दुकान नेमकं देशी किराणा दुकानाला भिंतीला भिंत लावून आहे, आणि शनिवारी मराठी मंडळाच्या निम्म्या बायका तिथं मेथी निवडत उभ्या असतात.

काउंटरवर पांढऱ्या दाढीचा, आजोबांच्या वयाचा माणूस होता. त्याने वयाचा दाखला मागितला. माझं वय अठ्ठेचाळीस. लायसन्सवरच्या फोटोशी चेहरा जुळवायला गॉगल काढावा लागला, म्हणजे एवढं नाटक करून शेवटी उघड्या तोंडानेच उभी राहिले. तेल हवंय, गोळ्या हव्यात की ओढायचं, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, बी हवंय, पेरायला. आधी कधी काही लावलंय का? मी म्हटलं, मोड काढलेत. त्याला ते कळलं नाही. मग तो बराच वेळ काहीतरी समजावत राहिला, हातांनी उंची दाखवली, दिव्याकडे बोट केलं. मी मान हलवत होते आणि लक्ष सगळं दाराकडे होतं. चार बियांची पुडी पर्समध्ये घातली आणि बाहेर पडले, ती थेट किराणा दुकानात शिरले. निदान हातात मेथीची जुडी तरी असावी.

हे सगळं आक्कांसाठी चाललं होतं. आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांच्या धाकट्या भावंडांचं ऐकून रणजितही आईला आक्काच म्हणायचा, म्हणून मीही. कराडला शाळेत शास्त्र शिकवता शिकवता त्या हेडबाई झाल्या आणि हेडबाई म्हणूनच रिटायर झाल्या. सासरे गेल्यावर रणजितने कागदपत्रं करून त्यांना इकडे आणलं, आणि दोन वर्षं जेमतेम झाली असतील, तोवर पोटाचा कॅन्सर निघाला. औषधाने तो बरा होणार नव्हता. मागे ढकलला गेला तर ढकलला जाणार होता, थोडा. दोन केमो झाल्या. दुसरीनंतर त्यांच्या पोटात पेजसुद्धा ठरेना.

हॉस्पिटलातल्या नर्सने सहज सुचवलं होतं, की मळमळीवर आणि भुकेवर बरेच पेशंट गांजाचे थेंब घेतात, इथं त्याला बंदी नाही, डॉक्टरांना विचारून बघा. मी ते भीत भीत आक्कांना सांगितलं. शाळेच्या मागच्या भिंतीआड चिलीम ओढणाऱ्या पोरांना या बाईने छडीने फोडून काढलेलं होतं. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, दुकानातल्या बाटलीत कुणी काय घातलंय कोण बघतं, घरी लावता येतं का ते विचार. मी विचारलं. आमच्या प्रांतात घरात चार झाडं चालतात.

"मग चार बिया आण," आक्का म्हणाल्या. "रोपं धरली तर पुढची केमो घेते. नाही धरली तर मला कराडला नेऊन सोडा, आणि मग कुणी रडायचं नाही."

"आक्का, तुम्ही कौल लावताय?"

"कौल कसला? प्रयोग म्हण."

तर त्या पुडीत एवढं सगळं होतं.

रणजित तेव्हा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. आठवडा-आठवडा घराबाहेर, बऱ्याचदा अमेरिकेत. त्याला सांगितलं तेव्हा त्याने दोन्ही हात वर केले. म्हणाला, मी काही ऐकलेलं नाही. आईने पुढची केमो घ्यावी म्हणून तो काहीही चालवून घेणार होता, पण त्याची भीती वेगळी होती. कपड्यांना वास लागला तर अमेरिकेच्या हद्दीवर कुत्रं त्यालाच धरणार. म्हणून ती रोपं राहत्या खोल्यांत ठेवायची नाहीत, खाली बेसमेंटात ठेवायची. आणि फोनवर त्या झाडाबद्दल एक अक्षर शोधायचं नाही, कारण आमचे दोघांचे फोन एकाच खात्यावर आणि हद्दीवरचे लोक फोन उघडून बघतात, असं त्याच्या कुणा सोबत्याने त्याला सांगितलेलं. मी बरं म्हटलं. शिवण, गाडी, इंग्रजी, सुई टोचणं, सगळं मी अंगावर पडल्यावरच शिकले होते. हेही येईल, असं वाटलं.

मटकीला आणते तसे मोड आणले. ओल्या फडक्यात बांधून वाटीत, वर ताटली. पांढरे कोंब आले. मग कागदी पेल्यांत माती भरून एकेका पेल्यात एकेक बी ठेवलं आणि चारही पेले खाली फर्नेसच्या खोलीत नेले. घर गरम ठेवणारं यंत्र तिथं असतं, त्यामुळे कोंदट, उबदार खोली, खिडकी नाही. कोपऱ्यात रात्रीचा बारकासा दिवा लावून ठेवला. सकाळ-संध्याकाळ पाणी.

हे सगळं मी अंदाजाने करत नव्हते. घरात, अंधारात, मातीत काहीतरी उगवून आलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. कराडच्या घरात नवरात्रात घट बसायचा. परडीत शेतातली माती, त्यात धान्य, मधे पाण्याचं मडकं, बाजूला रात्रंदिवस तेवणारा दिवा. देवघर काळोखं. आक्का रोज पाणी घालायच्या, आणि बघता बघता पिवळे, लांबसडक अंकुर वर यायचे. जितके उंच तितका आनंद. यंदा घट छान आलाय, असं येणारीजाणारी म्हणायची. मी जैनाघरची. माहेरी घट नव्हता, आणि रणजितशी लग्न मी माझ्या मर्जीने केलेलं. आक्कांनी मला देवघरात येऊ नको असं कधी म्हटलं नाही. "दमली असशील, बस बाहेर," एवढंच म्हणायच्या. मग मी उंबऱ्याबाहेर बसून बघायची. कॅनडाला येईपर्यंत दरवर्षी.

एव्हाना दिवस असे झाले होते, की सकाळी उठून आक्कांना धुवायचं, पुसायचं, कपडे बदलायचे, दोन घास भरवायचे आणि ते वर आले की परत पुसायचं. मग मी ज्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे अल्टर करते तिथं जायचं, लोकांच्या पँटी कमरेत सैल करायच्या, परत यायचं, परत तेच. जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून मला झोप लागायची. आणि तरी फर्नेसच्या खोलीचं दार उघडताना अंगात जरा तरतरी यायची. घरात वाढणारं एवढंच काय ते होतं. आक्का तर रोज कमी होत होत्या.

चारही उगवली. आधी दोन गुळगुळीत पानं, मग कडेला दाते असलेली. आणि मग ती जी वाढत सुटली. सकाळी बघावं तर बोटभर, आणखी चार दिवसांनी पेल्याच्या दुप्पट. दोऱ्यासारखी सडसडीत, फिकी पिवळी, त्या बारक्या दिव्याच्या दिशेने कललेली. मला इतका आनंद झाला. मी चारही पेले स्टीलच्या ताटात मांडले आणि वर आक्कांच्या खोलीत घेऊन गेले.

"बघा," मी म्हटलं. "घट छान आलाय."

आक्का उशीला टेकून बसल्या होत्या, डोक्यावर रणजितची लोकरी टोपी. त्यांनी एक पेला उचलून खिडकीकडे धरला. बराच वेळ धरला. मग खाली ठेवून दुसरा उचलला. शाळेत वह्या तपासताना त्या अशाच बघत असणार. मग माझ्याकडे बघितलं.

"छान आलेत," त्या म्हणाल्या. "गुरुवारी जायचं ना? माझी निळी शाल धुऊन ठेव."

मी खाली जाऊन रणजितला फोन केला. तो कुठल्याशा पेट्रोल पंपावर होता. आई तयार झाली, असं सांगितल्यावर त्याने ते मला परत एकदा म्हणायला लावलं.

गुरुवारी केमो झाली. तिच्याबद्दल फार लिहीत नाही. तोंड आतून सोलून निघालं, पाणीसुद्धा गिळवेना. बाथरूमच्या फरशीवर गार वाटतं म्हणून आक्का तिथंच आडव्या व्हायच्या, आणि मी टबच्या कडेला बसायची. त्या कण्हल्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, की फरशीच्या सांध्यातली पांढरी भरणी निघायला लागलीय, रणजितला सांग. मी म्हटलं, सांगते. तुमची रोपं मोठी झाली की याच्यावर उतारा मिळेल, असंही म्हटलं. त्या हं म्हणाल्या.

त्याच आठवड्यात एक रोप पडलं. बुंध्याशी दोरा पिळल्यासारखं बारीक झालं आणि आडवं झालं. मी टूथपिकचा टेकू दिला. दुसऱ्या दिवशी दुसरं, मग तिसरं. मी पाणी वाढवलं. दिव्याला हळदीकुंकू वाहिलं, आता लपवण्यात काय अर्थ आहे. चौथं अजून उभं होतं, पण मान खाली घातलेली. आक्कांना काही सांगितलं नाही. एवढं सोसून घेतलं होतं त्यांनी या रोपांच्या नावावर, आता पडली असं कुठल्या तोंडाने सांगणार? चौथा पेला शालीत गुंडाळला, पिशवीत घातला आणि परत त्या दुकानात गेले. गॉगल घरीच राहिला होता.

दाढीवाल्याने पेला हातात घेतला आणि लगेच विचारलं, की याला उजेडात ठेवलंच नाही का? मी म्हटलं, दिवा होता. कसला दिवा, ते मी बोटांनी दाखवलं. तो हसला नाही. म्हणाला, हे वाढलेलं नाही बाई, हे उजेड शोधत शोधत ताणलं गेलंय, आणि वर रोज पाणी, मग बुंधा कुजणारच. वाईट वाटून घेऊ नका, पहिल्यांदा सगळ्यांचंच होतं. ज्याने आधी एखादं रोप लावलंय त्याला हे बघताक्षणी कळतं, पण तुमचं पहिलंच ना.

मी पेला घेऊन गाडीत येऊन बसले. किल्ली हातात तशीच राहिली. बघताक्षणी कळतं, असं तो म्हणाला होता. आक्कांनी तर एकेक पेला उचलून खिडकीला लावून बघितला होता.

घरी आले तेव्हा आक्का खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. मी पेला त्यांच्यासमोर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. कोट अजून अंगावरच होता.

"बाकीची तीन गेली," मी म्हटलं. "दुकानदार म्हणतो, यांना उजेडच मिळाला नाही."

"हं."

"बघताक्षणी कळतं म्हणाला."

आक्कांनी पेल्याला हातही लावला नाही.

"तुम्हाला कळलं होतं."

"सातवीच्या पोरांना दरवर्षी खोक्यात रोप कोंडून दाखवायचे मी," आक्का म्हणाल्या. तोंड सोललेलं, त्यामुळे एकेक शब्द जपून. "पिवळं पडतं, उंच होतं, मग मान टाकतं. परीक्षेत हमखास यायचं ते."

"मग बोलला का नाहीत?"

"ताटात घालून आणलंस तू. घट छान आलाय म्हणालीस." त्यांनी टोपी कानावर ओढली. "मी काय सांगायचं होतं तुला? घट दसऱ्यापर्यंतच न्यायचा असतो, त्रिशला. मग तो उपटतात, तुरे खोवतात, झालं. त्याच्या पुढे त्याला कुणी वाढवत नाही. तुला आत घेतलं असतं, हाताने करायला लावलं असतं, तर ठाऊक असतं तुला. तू बाहेरून जेवढं बघितलंस तेवढंच केलंस."

कोट काढायचं मला सुचेना.

"म्हणून केमो घेतलीत? मला वाईट वाटेल म्हणून?"

"तेवढी मोठी नाही मी." मग जरा थांबून, "भीती वाटत होती. नाही म्हणायची. कुणीतरी हो म्हणत आलं, बरं वाटलं."

बाहेर बर्फ काढायची गाडी रस्त्यावरून गेली. मी कोट काढून पलंगावर टाकला.

"आता?" मी विचारलं.

"आता पुरे." त्या माझ्याकडे बघत होत्या. "पण रणजितला मला नाही सांगता यायचं. त्याचं तोंड बघितलं की मी परत हो म्हणते. पहिल्या दोन्ही वेळा तसंच झालं. तू सांग."

मी हो म्हणून मान हलवली. मग त्यांनी पेला जवळ ओढायला लावला. कडेची माती बोटाने उकरून त्या रोपाच्या बुंध्याभोवती ओढू लागल्या. अर्धी माती शालीवर सांडली. पिवळं देठ पानांपर्यंत पुरायचं असतं, म्हणाल्या, मग कधी कधी तिथूनही मुळं फुटतात. तू धर, मी भरते. मी दोन बोटांत ते रोप सरळ धरून उभी राहिले आणि त्या माती दाबत राहिल्या.

रणजित शनिवारी आला. मी मऊ भात आणि साधं वरण केलं होतं. आक्काही टेबलाशी येऊन बसल्या, ते बघून तो खूश झाला. पुढच्या केमोसाठी सुट्टी मिळतेय, या वेळी मी नेतो, असं सांगायला लागला. मी त्याला अर्धं जेवू दिलं.

"पुढची नाही घ्यायची," मी म्हटलं.

त्याला वाटलं तारीख पुढे गेली. मी परत सांगितलं. मग त्याने विचारलं, डॉक्टर असं म्हणाले का? मी म्हटलं, डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही.

"मग ठरवलं कुणी? तू?"

मी आक्कांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यांना बोलावं लागलं असतं.

"आता पुरे, एवढंच सांगतेय मी तुला."

"तू दमलीस," रणजित म्हणाला. हळूच म्हणाला, ते जास्त लागलं. "दमलीस, म्हणून आता पुरे."

"दमलेय मी. नाही कशाला म्हणू? पण त्यासाठी नाही."

"माझी आई आहे ती, त्रिशला."

"हो."

तो वाट बघत राहिला, मी आणखी काही बोलेन म्हणून. मी त्याच्या ताटात वरण वाढलं. शेवटी त्यानेच आईकडे तोंड फिरवलं. आक्कांनी चमचा खाली ठेवला होता.

"मीच तिला सांगायला लावलं," त्या म्हणाल्या. "मला झेपत नाही रे आता."

रणजित उठला. ताटात भात तसाच. सिंकपाशी जाऊन आमच्याकडे पाठ करून हात धुवायला लागला, आणि धूतच राहिला. नळ किती वेळ चालू होता कुणास ठाऊक. आक्कांनी मला डोळ्यांनीच बस म्हणून खुणावलं. मी बसले.

नळ बंद करून तो वळला तेव्हा तोंडही धुतलेलं होतं. सुट्टी तर टाकलेलीच आहे, म्हणाला. कराडचं घर झाडून घ्यायला कुणाला तरी सांगावं लागेल. मी घेऊन जातो तुला, आक्का.

"तू नको," आक्का म्हणाल्या. "तू घाबरतोस. मला उलटी झाली की खोलीबाहेर पळतोस. ही येईल माझ्याबरोबर."

मला कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर, गेले दोन दिवस मी मनातल्या मनात हिशेब करत होते, की मायलेकरांना विमानात बसवून घरी आले की आधी झोपायचं, उठले की परत झोपायचं. त्या घरात माझी गरज अशी पहिल्यांदाच कुणी बोलून दाखवत होतं, आणि पहिलं काय डोक्यात यावं, तर आता ती झोप गेली.

"तुला रजा मिळेल?" रणजितने मला विचारलं.

"मागते," मी म्हटलं.

तो खुर्चीत परत बसला. भात पुढे ओढला, खाल्ला नाही. मग त्याची नजर खिडकीच्या कट्ट्याकडे गेली. कागदी पेला, काठोकाठ माती, वर दोन-चार फिकी पानं. तो बघतच राहिला.

"आणि याचं काय?"

"ते तू बघ," आक्का म्हणाल्या. "उजेडातून हलवू नकोस, आणि रोज पाणी घालत बसू नकोस. आमचं तिथंच चुकलं."